पोथ्यांच्या नकला आणि लिनक्सचा इतिहास

१९७७ साली ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाच्या एका अध्यापकाने आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक टीकाग्रंथ सिद्ध केला. 'टीका' हा शब्द मी इथे आपल्या जुन्या अर्थाने वापरतो आहे. म्हणजे मूळ संहिता समोर ठेवून ओळीओळीने केलेले विवरण. त्यांची संहिता मात्र काव्याची वा शास्त्राची नव्हती. ती युनिक्स ह्या संगणकप्रणालीच्या सहाव्या आवृत्तीची होती, सुमारे नऊ हजार ओळींची. (आपल्या ज्ञानेश्वरीच्या ओव्याही सुमारे नऊ हजारच. हा निव्वळ योगायोग. त्यातून काही सिद्ध करण्याचा मोह मी आवरतो.) एका भागात संहिता, दुसऱ्या भागात भाष्य, अशी ग्रंथाची मांडणी होती.

युनिक्सचा जन्म १९६९ सालचा, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची हे तिचे मुख्य कर्ते. बेल प्रयोगशाळा ए.टी. अँड टी. ह्या दूरध्वनी कंपनीच्या मालकीची, पण सरकारशी झालेल्या जुन्या तडजोडीमुळे कंपनीला संगणकाच्या व्यवसायात उतरण्यास मज्जाव होता. त्यामुळे युनिक्स विद्यापीठांना नाममात्र किमतीत, आणि मुख्य म्हणजे संहितेसह मिळत असे. पुढे ह्या संहितेचे मोल कंपनीच्या ध्यानात आले आणि सातव्या आवृत्तीच्या परवान्यात एक कलम आले : ही संहिता वर्गात शिकवता येणार नाही. लायन्सच्या ग्रंथाचे उघड वितरण त्यामुळे थांबले.

साहित्याच्या अध्यापकाने ह्या कलमापाशी क्षणभर थांबावे. ग्रंथ विकत घ्या, वापरा, पण तो वर्गात उघडून त्यातल्या वाक्याची फोड करू नका, असे कोणी आपल्याला सांगितले तर? लायन्सच्या ग्रंथाचे पुढे जे झाले ते आपल्या परंपरेला अगदी ओळखीचे आहे. त्याच्या छायाप्रती निघाल्या, छायाप्रतींच्या छायाप्रती निघाल्या. अक्षरे पुसट होत गेली, कडा कापल्या गेल्या, तरी एका पिढीने युनिक्स शिकून घेतले ते ह्या पुसट प्रतींवरूनच. ग्रंथ रीतसर छापून प्रसिद्ध व्हायला १९९६ साल उजाडावे लागले. तोवर तो झेरॉक्सच्या पोथ्यांमध्ये जिवंत होता.

लिनक्सचा इतिहास सांगताना बहुतेकजण फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्यापासून आरंभ करतात. मला तो आरंभ अपुरा वाटतो. त्या कलमाने अडलेल्यांत आणखी एक अध्यापक होते. ॲमस्टरडॅमच्या फ्री विद्यापीठातील अँड्र्यू टॅनेनबाउम ह्यांनी युनिक्स शिकवता येत नाही म्हणून तिच्यासारखी वागणारी, पण स्वतः लिहिलेली 'मिनिक्स' नावाची एक छोटी प्रणाली रचली आणि १९८७ साली पाठ्यपुस्तकासह प्रसिद्ध केली. म्हणजे शिकवण्यावरच्या बंदीतून एक नवे पाठ्यपुस्तक जन्माला आले आणि ते पाठ्यपुस्तक हेलसिंकीतल्या एका विद्यार्थ्याच्या हाती पडले.

तो विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने मिनिक्सच्या अभ्यासकांना उद्देशून एक निवेदन लिहिले. आपण एक मुक्त प्रणाली लिहीत आहोत. हा केवळ छंद आहे, ती काही फार मोठी वा व्यावसायिक होणार नाही, असा त्याचा आशय. वय २१. संगणक घरचा, त्याच वर्षाच्या आरंभी घेतलेला. सप्टेंबरात बाहेर पडलेली पहिली संहिता सुमारे दहा हजार ओळींची होती. तिचे नाव त्याला 'फ्रीक्स' ठेवायचे होते, पण ज्या मित्राने ती विद्यापीठीय सर्व्हरवर चढवली त्याला ते रुचले नाही आणि त्याने त्या कप्प्याला 'लिनक्स' असे नाव देऊन टाकले. ग्रंथाचे नाव ग्रंथकर्त्याने नव्हे, तर नक्कलकाराने ठरवल्याची उदाहरणे आपल्याकडेही कमी नाहीत.

ह्या निवेदनातला 'छंद' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. मराठीत 'हौशी' म्हटले की दोन गोष्टी एकदम सुचतात : कच्चेपणा आणि निष्ठा. हौशी रंगभूमीवर काम केलेल्या कोणालाही हे ठाऊक आहे की तिथे तालमीला उशीर होईल, पडदा अडेल, पण पदरचे पैसे घालून ट्रकमधून नेपथ्य नेणारी माणसेही तिथेच सापडतील. लिनक्सची पहिली काही वर्षे अशीच गेली. जानेवारी १९९२ मध्ये खुद्द टॅनेनबाउम ह्यांनी तिच्या रचनेवर ती कालबाह्य असल्याचा जाहीर ठपका ठेवला. शिष्यानेही तितकेच फटकळ उत्तर दिले. गुरुशिष्यांचा हा वाद शास्त्रीय होता आणि त्यात गुरूचे मुद्दे पुष्कळसे बरोबर होते, असे जाणकार आजही मानतात. पण लोक संहितेच्या शास्त्रशुद्धतेपेक्षा तिच्या परवान्याकडे पाहत होते.

परवान्याची कथा रिचर्ड स्टॉलमन ह्यांच्याकडे जाते. एम.आय.टी.च्या प्रयोगशाळेत काम करताना त्यांना एका नव्या मुद्रकाची, म्हणजे प्रिंटरची, संहिता मिळेना. कागद अडकला की कळवण्याची सोय त्यांना तीत घालायची होती. जुन्या मुद्रकात त्यांनी ती घातलीही होती. ज्याच्यापाशी संहिता होती त्याने ती कोणाला न देण्याचा करार केला होता. इतक्या क्षुल्लक प्रसंगातून एक विचारसरणी उभी राहिली. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी 'ग्नू' ह्या मुक्त प्रणालीची घोषणा केली आणि १९८९ साली तिच्यासाठी एक सार्वजनिक परवाना लिहिला. हा परवाना म्हणतो : संहिता वाचा, बदला, नक्कल करा, वाटा, विकासुद्धा. अट एवढीच की बदललेली प्रत ज्याला द्याल त्याला हेच सारे अधिकार द्या, संहितेसह. स्वामित्वहक्काचा कायदा इथे नाकारलेला नाही. त्याच कायद्याच्या जोरावर मोकळीक पुढच्याला बांधून दिली आहे. १९९२ साली टोरवाल्ड्सने आपली प्रणाली ह्या परवान्याखाली आणली. त्याआधीच्या परवान्यात पैसे घेऊन वाटायला बंदी होती. ती उठताच लिनक्सच्या चकत्या करून विकणारे निघाले आणि फिनलंडमधला छंद जगभर गेला.

इथे मला शके १५०६ ची, म्हणजे १५८४ ची आठवण होते. एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठ शुद्ध केला आणि ग्रंथाच्या शेवटी पुढच्यांना बजावून ठेवले की आता ह्यात कोणी आपली ओवी घालू नये. नकला मुबलक होऊ द्या, पण भर नको. स्टॉलमन ह्यांची अट नेमकी उलटी : भर घाला, फक्त ती लपवू नका. वरवर पाहता दोन टोके. पण दोघांच्या पुढचा प्रश्न एकच होता. पुष्कळ हातांतून गेलेल्या संहितेवर विश्वास कसा ठेवायचा? एकनाथांनी उत्तर दिले ते अधिकाराचे, स्टॉलमन ह्यांनी दिले ते पारदर्शकतेचे. आणि एकनाथांच्या आज्ञेनंतरही पाठभेद थांबले नाहीत, राजवाड्यांना १९०९ साली निराळी, एकनाथपूर्व म्हणून प्रत छापावीशी वाटली, हे आपण एम.ए.ला शिकवतोच. (तुकोबांच्या वह्यांचे उदाहरण इथे कोणालाही आठवेल. ते इतक्या ठिकाणी इतक्या कारणांसाठी वापरून झाले आहे की मी ते बाजूला ठेवतो.)

लिनक्सच्या जोडीला त्याच काळात आणखी एक मुक्त संहिता वाढत होती. स्वित्झर्लंडच्या सीमेवरील सर्न ह्या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली ह्यांनी १९८९ साली महाजालाचा प्रस्ताव मांडला. पहिले संकेतस्थळ ज्या यंत्रावर होते त्याच्यावर लाल शाईने हाताने लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवलेली होती : हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. जगातले सारे महाजाल एका चिठ्ठीच्या भरवशावर! त्यांचा पहिला न्याहाळक, म्हणजे ब्राउझर, वाचनाइतकाच लेखनाचाही होता. ज्या खिडकीत पान वाचायचे त्याच खिडकीत ते लिहायचे. पुढचे लोकप्रिय न्याहाळक आले ते केवळ वाचणारे. वाचक आणि लेखक ह्यांच्यात पडलेली ही फूट फार कमी इतिहासांत नोंदलेली दिसते. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने महाजालाची संहिता सर्वांना विनामूल्य खुली केली. १९९५ साली काही हौशी व्यवस्थापकांनी एका जुन्या सर्व्हरच्या संहितेला एकमेकांची ठिगळे जोडून 'अपाची' तयार केला आणि वर्षभरातच तो जगातला सर्वाधिक वापरला जाणारा वेब सर्व्हर झाला. लिनक्स आणि अपाची, दोन्ही फुकट. जुना संगणक आणि एक तार असेल त्याला आपल्या खोलीतून जगाला पान वाढता येऊ लागले.

आपल्याकडे सामान्य ग्राहकाला आंतरजाल मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत. माझ्या विद्यार्थिदशेत स्वस्तातले खाते म्हणजे केवळ अक्षरांचे : काळा पडदा, पांढरी अक्षरे, चित्र नाही. त्या काळ्या पडद्यापलीकडे युनिक्स आहे हे आम्हांला ठाऊक नव्हते. लिनक्स आले ते पीसीक्वेस्ट मासिकासोबतच्या चकतीवरून, १९९६ पासून. आणि त्यामागे अतुल चिटणीस ह्यांचा पुढाकार होता. दूरध्वनीच्या तारेवरून एवढी मोठी संहिता उतरवून घेणे अशक्य, म्हणून मासिकाच्या पोटात घालून ती गावोगाव गेली. आमच्या तालुक्याच्या गावी ती चकती एकाने आणली आणि निदान पंधराजणांनी तिच्या प्रती केल्या. ह्या नकलेला कोणी चोरी म्हणू शकत नव्हते, हा अनुभव त्या काळी नवा होता.

मराठीची अडचण मात्र निराळीच होती. त्या काळातली मराठी संकेतस्थळे आपापला टंक घेऊन येत. पडद्यावर 'क' दिसे, पण संगणकाच्या लेखी ते रोमन लिपीतले एखादे चिन्ह असे. टंकाने त्या चिन्हावर 'क'चा मुखवटा चढवलेला असे. एका दैनिकाचा मुखवटा दुसऱ्याला चालत नसे. टंक नसला की पडद्यावर विरामचिन्हे आणि स्वरितयुक्त युरोपीय अक्षरे ह्यांची खिचडी दिसे. मला तेव्हा महानुभावांची सकळ लिपी आठवे. तिथेही एका अक्षराच्या जागी दुसरे, आणि किल्ली पंथाबाहेर नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे ह्यांच्यासारख्या संशोधकांच्या प्रयत्नांतून ती लिपी उलगडली, तोवर मराठीतले आद्य गद्य मराठी वाचकाला अज्ञात होते. फरक इतकाच की महानुभावांनी किल्ली हेतुपुरस्सर राखली आणि जपली. आमच्या टंकांच्या किल्ल्या विक्रेत्यांच्या व्यवसायाबरोबर हरवल्या.

युनिकोड ही ह्यावरची तोड. तिच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती आणि तिची मांडणी भारतीय 'इस्की' प्रमाणावर बेतलेली होती. पण प्रमाण कागदावर असणे वेगळे आणि पडद्यावर जोडाक्षर उमटणे वेगळे. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय झाली. लिनक्सवर ती व्हावी म्हणून इंडलिनक्ससारखे गट खपले. २००४ साली रेड हॅटने 'लोहित' टंक मुक्त परवान्याखाली दिले. (लोहित म्हणजे लाल, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.) मराठी विकिपीडिया २००३ सालचा. आणि मराठीला रोज लागणारे 'ॲ' हे अक्षर? त्याला युनिकोडमध्ये स्वतःचे स्थान मिळाले ते २००८ साली, ५.१ ह्या आवृत्तीत. तोवर आपण कोणी 'अ'वर चंद्र चढवत होतो, कोणी हिंदीसाठी केलेले 'ऍ' वापरत होतो. त्यामुळे त्या वर्षांतल्या मराठी मजकुरात आज 'ॲ' घालून एखादा शब्द शोधला तर तो हमखास हाती लागेलच असे नाही. डोळ्यांना शब्द एकच, यंत्राला तीन. पाठभेदाचा हा प्रकार कोणा संपादनशास्त्राच्या पुस्तकात अजून आलेला मी पाहिला नाही.

आता हरवलेल्या पानांविषयी. घरचा सर्व्हर सर्वांनाच परवडणारा नव्हता. १९९४ साली निघालेल्या जिओसिटीजने कोणालाही फुकट जागा दिली आणि तीही वाड्यावस्त्यांची नावे देऊन : साहित्य-तत्त्वज्ञानवाल्यांची वस्ती 'अथेन्स'. १९९९ साली याहूने ती सुमारे साडेतीन अब्ज डॉलरांना विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केली. दहा वर्षांपूर्वी ज्याची किंमत अब्जांत झाली होती ते राखण्याचा खर्च कोणाला झेपेना, की राखावेसेच वाटेना? 'आर्काइव्ह टीम' नावाच्या स्वयंसेवकांनी रात्रंदिवस नकला करून त्यातले जमेल तेवढे वाचवले आणि पुढच्या वर्षी एका टेराबाइटच्या आसपासचा तो साठा सर्वांसाठी खुला केला. मालकाने टाकलेले नक्कलकारांनी जपले. नंतर ऑर्कुट २०१४ साली गेले, गूगल प्लस २०१९ साली.

आमच्या महाविद्यालयाचे भित्तिपत्रक आम्ही २००१ साली अशाच एका फुकट जागेवर चढवले होते. त्या सेवेचे नाव इथे महत्त्वाचे नाही. चार वर्षे ते चालले. सेवा बंद होत असल्याची सूचना ज्या पत्त्यावर आली तो पत्ता आम्ही वापरत नव्हतो. मजकूर एका खाजगी टंकात होता, त्यामुळे ज्या दोन धारिका माझ्याजवळ उरल्या त्याही आता खिचडीच दाखवतात. त्यात एका विद्यार्थिनीचा आजीच्या जात्यावरच्या ओव्यांवरचा लेख होता, ओव्यांसकट. आजी गेली. विद्यार्थिनीकडे हस्तलिखित नाही. 'वेबवर आहे की' म्हणून तिने ते टाकून दिले होते, आणि तसे सांगणारा मीच होतो.

ह्या अपराधी भावनेतून काही वर्षांपूर्वी मी स्वतःचा सर्व्हर मांडण्याच्या नादी लागलो. २०१२ साली केंब्रिजहून निघालेला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, त्यावर डेबियन. डेबियन हे लिनक्सचे रूप १९९३ साली इयन मर्डॉक ह्यांनी सुरू केले. 'डेब्रा' आणि 'इयन' ह्या दोन नावांचा तो समास. ते यंत्र मी कपाटात ठेवले, आणि सर्नचे स्मरण ठेवून त्यावर चिठ्ठीही लावली. मग कळले की माझे पान घराबाहेर दिसतच नाही. आंतरजालाचे जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४३० कोटीच. ते केव्हाच अपुरे पडले. म्हणून पुष्कळ सेवादाते अनेक ग्राहकांना मिळून एकच बाह्य पत्ता देतात. चाळीचा पत्ता आहे, खोली क्रमांक नाही. खोलीतून पत्र बाहेर जाते, बाहेरून आलेले पत्र जिन्याखालीच पडून राहते. ज्या हातातल्या फोनमध्ये आज लिनक्सचा गाभा आहे (अँड्रॉइड त्यावरच बेतलेला आहे) त्या फोनवरून जगाला एक पान वाढणे १९९५ पेक्षा अवघड झाले आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांपैकी प्रत्येकावर लिनक्स आहे. प्रणाली जिंकली, खोलीतला सर्व्हर मागे पडला.

शेवटी मी इतरांप्रमाणे दूरच्या एका यंत्रातला छोटा कप्पा भाड्याने घेतला. जागा भाड्याची, सामान आपले. संकेतस्थळाचे नावही विकत मिळत नाही, वर्षावर्षाने नूतनीकरण करावे लागते. ते करणारा माणूस गेला की नावही जाते. स्वतःच्या सर्व्हरचा पुरस्कार करणारे मित्र स्वामित्वाची भाषा बोलतात तेव्हा माझे त्यांच्याशी पटत नाही. हौशी माणसांची किती संकेतस्थळे त्यांच्यामागे वर्षभरात विझलेली मी पाहिली आहेत! लायन्सचा ग्रंथ टिकला तो त्याच्या मालकीमुळे नव्हे. मालकी होती तिने तर तो दडपला होता.

म्हणून त्या कप्प्यातला सारा मजकूर मी साध्या युनिकोड धारिकांत ठेवतो आणि वर्गातल्या मुलांना तो सगळाच उतरवून न्यायला सांगतो. आमच्या एका निवृत्त सरांनी लीळाचरित्रावर दिलेली, मुलांनी टंकलेली व्याख्याने त्यात आहेत. गेल्या सत्रात एक विद्यार्थिनी तक्रार घेऊन आली. तिच्या पेनड्राइव्हवरच्या प्रतीत एका परिच्छेदात शकाचा आकडा एक होता, संकेतस्थळावर दुसरा. शोधनिबंधात कोणता द्यायचा? चूक ध्यानात आल्यावर मीच तो मुकाट्याने दुरुस्त केला होता, आणि कोठेही नोंद केली नव्हती. टोरवाल्ड्सने २००५ साली लिनक्सच्या असंख्य हातांचे बदल सांभाळण्यासाठी 'गिट' नावाची व्यवस्था लिहिली; तीत प्रत्येक बदल, करणाऱ्याचे नाव आणि वेळ ह्यांसह राहतो, आणि जुना पाठ पुसला जात नाही. ती वापरायचे मी दोन वर्षे टाळत आलो होतो. त्या रात्री बसून ती शिकलो. माझी दुरुस्तीही तपासून पाहावी म्हणून सरांना दूरध्वनी केला, तर ते म्हणाले, "अरे, टिपणात मी दोन्ही लिहिले होते, एकापुढे प्रश्नचिन्ह होते." ते प्रश्नचिन्ह टंकताना गळले होते. दुसऱ्या दिवशी मी विद्यार्थिनीला दोन्ही पाठ दिले, प्रश्नचिन्हासह.